चार तारांचं परिमाण

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या व्रतांचे दोष सांगितलेत. परिग्रह-परिमाणाची, म्हणजे मालमत्तेला मर्यादा घालण्याच्या व्रताची, पाळी येते तेव्हा माणूस कशाकशाची मर्यादा ओलांडतो त्याची यादीच दिली आहे: शेत, घर, चांदी, सोनं, गुरंढोरं, धान्य, दासी, दास आणि शेवटी कुप्य, म्हणजे कापडचोपड आणि तसलं घरसामान. यादी शेतकरी आणि सावकार डोळ्यांसमोर ठेवून केलेली. तीत बेस गिटार नाही, अ‍ॅम्प नाही, वीस फुटी केबल नाही. कुप्यात घालावी तर घालता येते. पण मग तिचा हिशेब चादरींबरोबर होतो, आणि चादरीसाठी मी कधी कर्ज काढलेलं नाही.

मी सांगलीत कर सल्लागार आहे. दुसऱ्यांच्या मालमत्तेच्या याद्या करणं हाच धंदा. संध्याकाळी सुपारी असेल तेव्हा ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो: इचलकरंजी, निपाणी, बेळगाव, चिकोडी, कधी थेट विजापूर. घर जयसिंगपूरकडचं, दिगंबर जैन. पाणी गाळून, जेवण सूर्यास्ताआधी. भाद्रपदात साडेसहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि नेमकी तीच साउंड चेकची वेळ असते, त्यामुळे मी पाच वाजता टेम्पोतच डबा उघडतो आणि रात्री बाकीचे मंडळाच्या पुरीभाजीवर तुटून पडतात तेव्हा केबली गुंडाळतो. याची सगळ्यांना सवय झाली आहे. सवय झाली नाही ती माझ्या प्रश्नाची: एका बेसवाल्यानं किती सामान बाळगावं?

या व्रतात आकडा कुणी ठरवून देत नाही. तो ज्याचा त्यानं ठरवायचा, आणि ठरवला की पाळायचा. आमच्या अक्कानं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, व्रत घेतलं तेव्हा दोनशेपानी वहीत यादी केली होती: लुगडी इतकी, तांब्याची भांडी इतकी, पितळेची इतकी, सोनं इतके तोळे. यादी तपासायला माझ्याकडे आणली, कारण मी हिशेबातला. तपासता तपासता तिनं माझ्या गिटारींचा विषय काढला. चार आहेत म्हटल्यावर तिला आकड्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, ‘गावच्या कार्यक्रमाला आले होते की मी. तू मागं उभा राहून डुलत होतास, ते दिसलं. पण तुझं वाजत काय होतं रे?’

प्रश्न भाबडा नाही. ऑर्केस्ट्राचे आयोजक हेच विचारतात, फक्त पैशांच्या भाषेत: कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस मारतोय की, मग आणखी एक माणूस कशाला?

मुनींच्या बाबतीत शास्त्राची कसोटी कडक आहे. दिगंबर मुनी अंगावर सूतभरही ठेवत नाहीत, पण त्यांच्याजवळ पिच्छी असते, कमंडलू असतो, शास्त्र असतं. हे परिग्रहात मोजत नाहीत, कारण ही उपकरणं आहेत. मोरानं आपणहून टाकलेली पिसं बांधून केलेली पिच्छी बसायच्या जागेवरून फिरवायची, म्हणजे मुंगी-किडा चिरडत नाही. कमंडलूतलं पाणी शुद्धीपुरतं. काम संपलं तर वस्तूचा जवळ राहण्याचा हक्कही संपला. माझं वाजवणं म्हणजे काही संयम नव्हे, हौस आणि जोडधंदा आहे. तरी कसोटी उसनी घेता येते: हिच्यावाचून काम अडतं का?

मंडळाचा कार्यक्रम घ्या. स्टेज लोखंडी सांगाड्यावर फळ्या टाकून केलेलं, आतून पोकळ, त्यामुळे जाड तारेचा प्रत्येक ठोका आधी तळपायाला कळतो. वीज जनरेटरची. माझ्या गिटारीची केबल डीआय बॉक्समध्ये जाते. तळहातावर मावणारा हा डबा गिटारीचा नाजूक सिग्नल लांबच्या केबलीतून मिक्सरपर्यंत धड पोचेल असा करतो. तिथून पुढे जे स्पीकरांतून निघतं तेच लोक ऐकतात. डब्यातून दुसरी वाट माझ्या मागच्या अ‍ॅम्पकडे जाते आणि तो आवाज मुख्यतः मला आणि ड्रमरला. अर्थिंगचा घोळ असला की घूं सुरू होतं. डब्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण सरकवलं की बहुतेक वेळा थांबतं. हा घूं थांबला की साउंडवाल्याच्या तोंडावर जे समाधान येतं ते एखाद्या महागड्या अ‍ॅम्पनं आलेलं मी पाहिलेलं नाही. माझ्या सगळ्या सामानात हा दोन-तीन हजारांचा डबा सर्वांत स्वस्त, आणि उपकरण म्हणावं तर तोच.

उलट अ‍ॅम्प. १९६९ साली अँपेग कंपनीनं एसव्हीटी काढला: ३०० वॅट, आणि सोबत दहा इंची आठ स्पीकरांचं, माणसाच्या छातीपर्यंत येणारं कपाट. त्या काळात मैदानांवरच्या ध्वनियंत्रणेत प्रामुख्यानं गाणाऱ्याचा आवाज असायचा; बेस लोकांपर्यंत पोचवायचा तर तो बेसवाल्याच्या अ‍ॅम्पनंच पोचवायला हवा होता. तेव्हा ते कपाट गरज होती. आता ते काम मंडळानं भाड्यानं आणलेले सबवूफर करतात, आणि दोन-तीन किलोचा क्लास-डी अ‍ॅम्प तितके वॅट देतो. गरज निघून गेली, कपाटाचा मोह मात्र राहिला. आजही एखाद्या स्टेजवर ते कपाट दिसलं की बेसवाले त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मीही काढलाय.

सामानाच्या मोहाला विज्ञानाचा मुलामा देणं हे आमच्या जमातीचं खास कौशल्य. माझ्याकडे एक मुलगा शिकायला येतो. त्याची तक्रार होती की त्याच्या खोलीत मोकळी ई तार, म्हणजे सर्वांत जाड, कमजोर वाजते. बाकीच्या तारा ठीक. त्यानं एका पाठोपाठ एक स्पीकर बदलले. मी घरी जाऊन खोली मोजली. रुंदी चौदा फुटांच्या आसपास. ई तारेची कंपनसंख्या ४१ हर्ट्झच्या थोडी वर, म्हणजे हवेत तिची लाट सव्वाआठ मीटर लांब, आणि अर्धी लाट सव्वाचार मीटरच्या किंचित आत. चौदा फूट म्हणजे जवळपास तेवढंच. अशा खोलीत तो सूर दोन भिंतींजवळ दणाणतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. पोरगा खुर्ची मधोमध टाकून बसत होता. त्याला भिंतीकडे सरकवलं, खोली गरजली. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. आनंद फार नव्हता त्यात. नवीन स्पीकर घ्यायचं कारण गेलं होतं.

आता मूळ वादाकडे येतो. तत्त्वार्थसूत्र दोन्ही पंथांना मान्य. आम्ही कर्त्याला उमास्वामी म्हणतो, श्वेतांबर उमास्वाति. परिग्रह वस्तूत नसतो, वस्तूविषयीच्या मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत, असतो, हा त्या ग्रंथाचा निर्वाळा दोघांनाही मान्य. भांडण त्यापुढचं आहे. श्वेतांबर म्हणतात, मूर्च्छाच नसेल तर साधूजवळचं वस्त्र, पात्र ही संयमाची साधनं ठरतात, त्यांना परिग्रह कसं म्हणाल? आमचे आचार्य म्हणतात, वस्त्र जवळ ठेवलंत की ते धुवावं लागतं, धुताना जीव मरतात. फाटलं की शिवावं लागतं, नाहीतर दुसरं मागावं लागतं. कुणी नेईल म्हणून लक्ष ठेवावं लागतं. मूर्च्छा नाही म्हणता, मग हा सगळा व्याप कोण करतंय?

लहानपणी पाठशाळेत हा वाद ऐकताना मला श्वेतांबरांचं म्हणणं जास्त सुबक वाटायचं. मनात आसक्ती नाही, मग हातात काय आहे त्याला काय महत्त्व! बेस वाजवायला लागल्यावर मी आमच्या आचार्यांकडे पुरता झुकलो, आणि त्याला कारण सांगलीचा पावसाळा. जुलैत हवा ओली झाली की गिटारीची मान किंचित वाकते, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात आणि बोटांना जास्त जोर द्यावा लागतो. मानेच्या आत लोखंडी सळई असते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकीच फट हवी. जास्त असली तर अ‍ॅलन कीनं सळईला पाव फेरा द्यायचा, जास्त नाही, आणि लाकडाला रात्रभर सावरू द्यायचं. हे चार गिटारींना करायचं. शिवाय पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, तारांना गंज, टेम्पोत पेटीवर कुणी ऑक्टोपॅडचा स्टँड टाकेल ही धास्ती. मूर्च्छा माझ्यात आहे की नाही हे मला ठामपणे सांगता येणार नाही. पण व्याप आहे हे कुणीही येऊन मोजू शकतं.

म्हणूनच परिमाणाचं व्रत मला त्या सूक्ष्म व्याख्येपेक्षा शहाणं वाटतं. मूर्च्छेची तपासणी ज्याची त्यानं करायची, आणि स्वतःच्या मनाची तपासणी करणारा माणूस स्वतःला सहसा क्लीन रिपोर्ट देतो. माझ्या अशिलांमध्ये गाड्यांचा सोस असलेला एकही जण स्वतःला गाड्यांचा सोस आहे असं म्हणत नाही. सगळे म्हणतात धंद्याला लागतात. बेसवाले म्हणतात, प्रत्येकीचा टोन वेगळा आहे. आहेच तो वेगळा. आकड्याला मात्र टोन कळत नाही, हाच त्याचा गुण.

इथे कुणीतरी हमखास जेम्स जेमरसनचं नाव काढतो. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत हाच बेसवर होता. मुख्यतः १९६२ ची एक फेंडर प्रिसिजन, तीवर जाड सपाट तारा. तुटली तरच तार बदलायची, नाहीतर नाही. उजव्या हाताचं एकच बोट. कंपनीच्या तबकड्यांवर वर्षानुवर्षं वादकांची नावं नसायची. त्याचं नाव छापून आलं ते १९७१ मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. १९८३ मध्ये तो गेला, आणि त्याच्या थोडंच आधी ती गिटार चोरीला गेली. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, अपरिग्रही साधू! मला नाही वाटत. तारा न बदलणं हा त्याग नव्हता. तारांवर बसलेल्या मळानंच तो आवाज येतो असं त्याचं मत होतं आणि त्याला तोच आवाज हवा होता. एकच वस्तू घट्ट धरून ठेवणं आणि चाळीस वस्तू जमवणं यांत संख्येचा फरक आहे. मूर्च्छा एका वस्तूतही चाळिसांइतकी मावते. मूर्च्छेच्या बाबतीत मला त्या गिटारीचा निर्माता लिओ फेंडर जास्त निर्धास्त वाटतो. १९५१ मध्ये त्यानं प्रिसिजन बेस बाजारात आणली, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवताच येत नव्हती.

बेसवाल्याला नम्र समजण्याची एक रीतही पडून गेली आहे. मागे उभा असतो, कुणाला ऐकू येत नाही, तरी वाजवत राहतो. म्हणजे फळाची आशा नसलेला कर्मयोगी. गायक मंडळी स्टेजवर ओळख करून देताना असलं काहीतरी बोलतात आणि टाळ्या घेतात. आमच्या शास्त्रात बाहेरचे परिग्रह दहा आणि आतले चौदा. आतल्या चौदांत क्रोध, माया, लोभ यांच्याबरोबर मान आहे. मागे उभं राहिल्यानं मान कमी होत नाही. मी आर. डी. बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझचा बेस कान देऊन ऐकत मोठा झालो. ‘हे ऐकणारे आपण थोडेच’ या भावनेत केवढा मान भरलाय ते ज्यानं ती चाखली त्यालाच ठाऊक. अ‍ॅम्पची कळ अर्ध्या रेघेनं वर सरकते ती बहुधा या मानाच्याच हातानं. मिक्सरवाले हे ओळखून असतात. ते गुपचूप माझा आवाज तिकडे कमी करतात आणि मला अंगठा दाखवतात.

चारांपैकी फ्रेट नसलेली आणि कलकत्त्याला बनलेली जुनी, या दोन कमी करायला फार विचार लागला नाही. पहिलीला लग्नाच्या स्टेजवर काम नाही. दुसरी आठवण म्हणून होती, आणि आठवणीला व्याप नको. अडलं ते उरलेल्या दोघींपाशी. एक प्रिसिजनच्या वळणाची, साधी, बॅटरी नसलेली; दुसरी पाच तारांची, आत नऊ व्होल्टची बॅटरी. बॅटरीवाली घात करते. जॅक तसाच खोचलेला राहिला की ती न वाजवताही बॅटरी पीत राहते, आणि मरायला नेमकं तिसरं गाणं निवडते. त्या वेळी गायिका अंतऱ्याला आलेली असते, खाली दोन हजार माणसं असतात, आणि दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो. सणांचे ठरावीक दिवस सोडले तर बाराची सवलत नाही. दुसरी गिटार स्टँडवर तयार नसेल तर खोळंबा एकट्या माझा होत नाही, सगळ्या वादकांची बिदागी त्या रात्रीवर असते. माझ्या अपरिग्रहाची किंमत ढोलकीवाल्यानं का द्यावी? गृहस्थाचं व्रत आणि मुनीचं व्रत इथे वेगळं होतं. मुनीचं काही अडलं तर त्याचं एकट्याचं अडतं. म्हणून आकडा दोन ठरवला: दोन गिटारी, एक अ‍ॅम्प, एक डीआय, आणि तारांचे दोन कोरे संच. पट्टा नायलॉनचा, चामडं घरात येत नाही. ढोलकीच्या शाईपुडीचं काय, असं मला विचारू नका. ती माझी नाही, पण तिच्याच तालावर मी पैसे मिळवतो, आणि त्याचं उत्तर या यादीत बसत नाही.

बाहेर गेलेल्या वस्तूंसाठी रीत आयती मिळाली. चातुर्मास संपल्यावर मुनींची पिच्छी बदलतात. वर्षभरात पिसांचा मऊपणा गेलेला असतो; जुनी पिच्छी एखाद्या श्रावकाला मिळते, पण फुकट नाही, त्यानं काहीतरी संयमाचं व्रत घ्यायचं. कलकत्त्याची गिटार मी त्या भिंतीकडे सरकवलेल्या पोराला दिली आणि अट घातली की वर्षभर दुसरं काही विकत घ्यायचं नाही. त्याच्या आईनं मला पेढे दिले.

हे लिहिताना मला माझा धंदा आठवत राहतो, कारण मर्यादा आली की पळवाट येते. जुन्या टीकाकारांना हे पक्कं ठाऊक होतं. शेतांची संख्या ठरवून घेतलेला माणूस दोन शेतांमधला बांध काढून टाकतो आणि म्हणतो, शेत एकच आहे. घरांची ठरवून घेतलेला मधली भिंत पाडतो. जास्तीचा माल दुसऱ्याच्या घरी ठेवतो आणि नियम संपल्यावर आणीन म्हणतो. हे सगळं त्यांनी दोष म्हणून नोंदवून ठेवलंय. आयकर खात्याला हे कळायला किती कायदे करावे लागले! तर माझी फ्रेट नसलेली गिटार सध्या ड्रमरच्या घरी आहे. ती त्याची आहे, मी लेखी दिलंय. तो ती वाजवत नाही.

खरी पंचाईत मात्र गेल्या वर्षी घेतलेल्या पेडलनं केली. पायानं दाबायचा हा डिजिटल पेडल अ‍ॅम्पच्या जागी आला, म्हणजे आकडा सांभाळून आला. पण त्याच्या पोटात जगातल्या नावाजलेल्या अ‍ॅम्पच्या नकला भरल्यात, ते आठ स्पीकरांचं कपाटसुद्धा. चकती फिरवली की पुढचा. हा नग एक मोजायचा की पन्नास? मला तर यात सगळे बांध काढून केलेलं एकच शेत दिसतं. कुंभोजच्या बाहुबलीला गेलो होतो तेव्हा तिथे भेटलेल्या एका जुन्या पंडितांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पेडल हातात घेतला, उलटा करून पाहिला.

‘यातले वापरता किती?’

‘दोन.’

‘बाकीचे काढून टाका.’

‘निघत नाहीत. कंपनीनं आतच बसवलेत.’

‘मग दोनांचा नियम घ्या. चकती फिरली की दोष.’

नियम घेतला. दोन आवाज दोन बटणांवर बसवले आणि चकतीवर चिकटपट्टी लावून टाकली. निपाणीच्या कार्यक्रमात घामानं आणि दमट हवेनं ती पट्टी सुटली, दुसऱ्या गाण्याच्या आधीच. आता इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी लावली आहे.